कामटी, कागद आणि खळ

दिवाळीच्या आकाशकंदिलाचा अगदी साधा सांगाडा २४ कामट्यांचा असतो. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि मग त्या चौकोनांचे कोपरे एकमेकांशी जोडायचे. बारा जोड झाले की सहा चौकोन आणि त्यांच्या मधोमध आपोआप तयार झालेले आठ त्रिकोण असा गोलसर सांगाडा हातात येतो. पण तो डगमगतो. एका बाजूने दाबला की दुसरीकडून बाहेर येतो, जरा पिळला की चपटा होऊ लागतो. पहिल्यांदाच कंदील करणाऱ्याला वाटते, गाठी सैल राहिल्या असतील. तो सगळ्या गाठी पुन्हा आवळतो. सांगाडा तरीही डगमगतोच.

दोष गाठींचा नसतो. तीन काड्यांचा त्रिकोण बांधला की काड्या मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र सहज कलंडून तिरका होतो. तो सरळ ठेवायचा तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आणखी एक आडवी काडी लागते. या सांगाड्यात चौकोन सहा, म्हणजे अशा सहा काड्या कमी पडतात. कंदील करणारे त्या घालत नाहीत, कारण त्यांचे काम पतंगी कागद करतो. खळ लावून कागद चौकोनावर ताणून बसवला आणि वाळू दिला की तो चौकोन कलंडेनासा होतो. सहाही चौकोन मढले की मघाचा डगमगता सांगाडा ताठ उभा राहतो. बोटाच्या टोकाने फाटणारा कागद बांबूला आधार देतो, हे कंदील करताना हाताला कळते.

घरी केलेल्या सजावटीचे खरे मोल अशा कळण्यात आहे. या पुस्तकाचा भर म्हणूनच नमुन्यांच्या संख्येवर नाही. एखादी घडी इथेच का घालायची, कामटीची पाठ बाहेर का ठेवायची, खळ किती घट्ट असावी, दिवा कुठे टांगावा, ही कारणे प्रत्येक कृतीसोबत दिली आहेत. कारण समजले की दिलेला नमुना जसाच्या तसा उतरवण्याची गरज राहत नाही. घरात असेल तो कागद आणि मिळेल ती काडी घेऊन माणूस स्वतःचा कंदील उभा करू शकतो.

कागद आणि कामटी यांची ही जोडी दिवाळीपुरती नाही. श्रावणाच्या अखेरीस पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड चढते. भाद्रपदात गणपतीच्या मखराभोवती पताका आणि झिरमिळ्या लागतात. मोहरमचे ताबूत बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागद मढवूनच उभे राहतात. संक्रांतीच्या पतंगात तर कामटी आणि पतंगी कागद यांखेरीज फारसे काही नसतेच. गोव्यात डिसेंबर उजाडला की घराघरांवर नाताळचे तारे लागतात. त्या ताऱ्याची बांधणी आणि मराठी घरातल्या चांदणीच्या कंदिलाची बांधणी एकच असते. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्हींची पाचही टोके एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच छेदांपाशी पाच आखूड काड्या उभ्या बसवून दोन्ही चांदण्यांची पोटे दूर ढकलायची. दहा लांब आणि पाच आखूड काड्यांत फुगीर तारा तयार होतो. सण आणि श्रद्धा वेगवेगळ्या, पण हात एकाच कारागिरीचा.

ही कारागिरी घरोघर पोहोचली, त्याआधी कागद स्वस्त व्हावा लागला. महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारे कागजीपुरा गाव, जुन्नरचे कागदी आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा ही नावे आजही त्या धंद्याची साक्ष देतात. चिंध्या आणि जुने दोर कुजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो चाळणीवर घेऊन ताव उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, असे ते कष्टाचे काम. इतक्या मेहनतीचा कागद पोथ्यांसाठी, पत्रांसाठी आणि दप्तरासाठी जपून वापरला जाई. त्याच्या झिरमिळ्या कातरण्याचा विचारही कुणी केला नसता. गिरण्यांमधून पातळ, रंगीत आणि स्वस्त कागद बाजारात येऊ लागला, तेव्हाच तो मुलांच्या हाती कातरण्यासाठी देणे परवडू लागले. हातकागदाची कला मात्र मोडली नाही. स्वदेशीच्या प्रेरणेतून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली आणि सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद करण्याचे काम तिथे पुढे चालू राहिले. असा जाड, खरबरीत, तंतुमय कागद भेटकार्डांसाठी आणि छोट्या दिव्यांच्या आवरणांसाठी फार देखणा दिसतो. त्याचे स्वतंत्र प्रकरण या पुस्तकात आहे.

उंचावर दिवा टांगण्याची कल्पना या स्वस्त कागदापेक्षा जुनी आहे. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर आकाशदिवा लावण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आहे. वाराणसीच्या घाटांवर उंच बांबूंच्या टोकांना टोपल्यांमध्ये ठेवलेले असे दिवे आजही दिसतात. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या छावणीतल्या आकाशदिव्याचे वर्णन केले आहे. ४० गज किंवा त्याहून उंच खांब, त्याला सोळा दोरांचा ताण आणि टोकाला मोठा कंदील. रात्री छावणीत परतणाऱ्याला वाट कळावी, हा त्याचा उपयोग होता. घराच्या कंदिलातही तो जुना हेतू थोडाफार उरला आहे. चाळीच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर लटकणाऱ्या कंदिलाच्या रंगावरून पाहुण्याला घर सापडते.

आता सामानाकडे वळू. कागद, कामटी आणि खळ या तिन्हींचा स्वभाव ओळखला की बाकीचे काम सोपे होते.

कागदाला दिशा असते. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने निजतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ आणि तलम पडते. आडव्या दिशेने घातलेली घडी खरबरीत होते आणि जाड कागद असेल तर तडकतेही. तपासणे अगदी सोपे आहे. एकाच तावातून एक पट्टी उभी आणि एक आडवी, सारख्याच मापाच्या कापाव्यात आणि दोन्ही एका टोकाला धरून आडव्या ठेवाव्यात. जी पट्टी कमी वाकते, तिच्या लांबीच्या दिशेने तंतू धावतात. पंख्यासारख्या घड्या, भेटकार्डे, उघड-मीट करणारी फुले करण्यापूर्वी एवढे पाहून घेतले तर निम्म्या चुका टळतात.

दुकानात मिळणाऱ्या कागदांची कामेही वेगवेगळी. पतंगी कागद पातळ आणि हलका असतो. त्यातून प्रकाश पसरून बाहेर पडतो, त्यामुळे आतला दिवा न दिसता सगळा कागदच उजळलेला वाटतो. जिलेटीन कागद पारदर्शक आणि चमकदार असतो, पण त्यातून दिवा थेट डोळ्यांत येतो. म्हणून तो मोठ्या पृष्ठभागापेक्षा छोट्या खिडक्यांसाठी बरा. घोटीव कागदाची एक बाजू रंगीत आणि झळझळीत, दुसरी पांढरी. त्याची नक्षी कातरून चिकटवली तर उठून दिसते, मात्र प्रकाश त्यातून फारसा येत नाही. क्रेप कागद चुण्यांच्या आडव्या दिशेने ताणता येतो, म्हणून पाकळ्यांना खोलगटपणा देण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा कागद नाही. कार्डशीटचा उपयोग पायासाठी. पतंगी कागदाची एक खोड आधीच सांगायला हवी. ओला झाला की त्याचा रंग सुटतो. दोन रंग शेजारी चिकटवताना खळ पातळ असेल तर लाल रंग पांढऱ्यात उतरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

घराघरांत सहज सापडणारा एफोर कागदही कामाचा आहे. त्याची मापे २१० आणि २९७ मिलिमीटर. मधोमध घडी घालून त्याचे दोन भाग केले तर प्रत्येक भागाची लांबी-रुंदी मूळ कागदाच्याच प्रमाणात राहते. लहान-मोठ्या पाकिटांची किंवा घरट्यांची उतरती माळ करताना या गुणाचा फायदा होतो, कारण एकच कृती प्रत्येक मापाला जशीच्या तशी लागू पडते. या कागदाचा कोपरा तिरका दुमडून चौरस काढला की ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती टाकून देण्याची गरज नाही. पट्टी उभी दुमडून एका कडेने बारीक कातरली की कंदिलाच्या शेपटीची झिरमिळी तयार होते.

कामटीसाठी आधी बुरुडाकडे जावे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या गावांत अजून बुरूड आळी आहे आणि टोपल्या, सुपे विणणारे हे कारागीर हव्या त्या जाडीच्या कामट्या काढून देतात. बांबूच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाठीला, तंतू दाट असतात, आतल्या गाभ्याकडे विरळ. म्हणून कामटी पाठीच्या बाजूने मजबूत असते. वाकवायची असेल तर पाठ बाहेरच्या अंगाला ठेवावी, नाहीतर तडा जातो. पेर आली असेल तिथे कामटी जाड आणि ताठ राहते. त्यामुळे बरोबर मध्यावर पेर येईल अशी काडी सहसा घेऊ नये. परदेशातल्या मराठी कुटुंबांना बुरूड मिळणार नाही, पण किराणा दुकानात मिळणाऱ्या ३० सेंटिमीटरच्या बांबूच्या सळया चालतात. त्यांची टोकदार टोके कापून सगळ्या सारख्या मापाच्या करून घ्याव्यात. २४ सळयांत एक कंदील होतो.

खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा, मग एकूण कपभर पाणी होईल इतके उकळते पाणी हळूहळू घालत, मंद आचेवर सतत ढवळत राहावे. पांढरट मिश्रण अर्धपारदर्शक आणि चकचकीत दिसू लागले की ते शिजले. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि त्यालाच चिकटपणा येतो. कच्च्या पिठाची पेस्ट वाळल्यावर सुटते, त्याचे कारण हेच. पुस्तकबांधणी करणारे कारागीर किडीपासून बचाव व्हावा म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुले सोबत असताना घरच्या खळीत ते घालू नये. एक-दोन दिवस पुरेल इतकीच ताजी खळ करावी. ती लावताना कागद ओला होऊन ढिला पडतो, पण वाळताना पुन्हा ताणला जातो. म्हणून मढवताना थोडी सुरकुती दिसली तर घाबरून कागद ओढू नये. ओढला की तो फाटतो.

सामान ओळखीचे झाले की मापांकडे यावे. सुरुवातीला सांगितलेला २४ कामट्यांचा आकार गणितातही प्रसिद्ध आहे. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी तो एक. त्याचा एक गुण कंदील करणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. केंद्रापासून कोणत्याही कोपऱ्याचे अंतर कामटीच्या लांबीइतकेच असते. २५ सेंटिमीटरच्या कामट्या घेतल्या तर मध्यावर टांगलेला दिवा बाराही कोपऱ्यांपासून बरोबर २५ सेंटिमीटरवर असतो आणि सगळ्या कोपऱ्यांवर सारखा उजेड पडतो. त्याच्या सर्वांत जवळ असतात चौकोनांचे मध्य. ते सुमारे १७.७ सेंटिमीटरवर येतात. वरच्या आणि खालच्या चौकोनांतले अंतर साधारण ३५ सेंटिमीटर भरते. एवढ्या कंदिलाला एकूण सहा मीटर कामटी पुरते. बांधणीचा क्रम असा. चार चौकोन टोकावर उभे करून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून कडे करायचे. मग पाचवा चौकोन वर आणि सहावा खाली आडवा ठेवून त्यांचे कोपरे कड्यातल्या चौकोनांच्या टोकांना बांधायचे.

पसरट, मोठा कंदील हवा असेल तर कड्यात चारऐवजी सहा चौकोन घेता येतात. तेव्हा वर आणि खाली षटकोन येतो. त्या षटकोनाच्या काड्या मात्र बाकीच्या काड्यांइतक्या लांब घेऊन चालत नाहीत. त्या जवळजवळ सव्वापट लांब लागतात, नाहीतर उभे चौकोन आत ओढले जाऊन तिरके होतात. मुरलेला कारागीर हे माप पट्टीशिवाय, नुसते काडी लावून पाहत काढतो. नवशिक्यासाठी पुस्तकात तक्ता दिला आहे.

भूमितीच्या तासातून सजावटीची वस्तू जन्माला आल्याचे एक सुंदर उदाहरण जर्मनीत आहे. नीस्की गावातल्या मोरावियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात मुलांना घनाकृती शिकवताना कागदाचे अनेक टोकांचे तारे करवून घेतले जात. त्यातूनच पुढे हेर्नहुट गावचा नाताळचा तारा प्रसिद्ध झाला. त्याच्या गाभ्याच्या घनाकृतीला १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ बाजू असतात. पंचवीस बाजूंवर कागदी टोके बसतात आणि एक बाजू दिव्यासाठी मोकळी राहते. चौरस आणि त्रिकोण जोडून गोलाच्या जवळ जायचे, ही युक्ती जर्मन शाळेतल्या मुलांना आणि महाराष्ट्रातल्या कंदील करणाऱ्यांना वेगवेगळ्या वाटांनी सापडली.

भारतातही कागद आणि भूमिती यांची गाठ जुनी आहे. मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांचे ‘जॉमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पट्टी-कंपास न वापरता नुसत्या घड्यांनी नियमित बहुकोन कसे काढावेत आणि पुढे वक्ररेषांपर्यंत कसे पोहोचावे, हे त्यांनी त्यात दाखवले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालवाडीच्या साहित्यात रंगीत कागदांच्या घड्यांचा संच होता. सुंदर राव यांना पुस्तकाची कल्पना त्यावरूनच सुचली. युरोपातल्या गणितज्ञांनीही त्यांच्या कामाची दखल घेतली. पाच टोकांची चांदणी एकाच कापात कशी काढायची, सहा पाकळ्यांचे फूल कातरताना ६० अंशांची घडी कोनमापकाशिवाय कशी घालायची, हे प्रस्तुत पुस्तकातल्या कातरकामाच्या प्रकरणात आहे. मुलांना ते जादूसारखे वाटते आणि पाठोपाठ ‘असे कसे झाले?’ हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. दुसरा कागद हातात द्यावा.

महाराष्ट्रात हाताने शिकण्याला शाळेतही जागा मिळाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून बालशिक्षणाची साधने उभी केली. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते ६६ या काळात, शिक्षणात कामाच्या अनुभवाचा आग्रह धरला. ‘कार्यानुभव’ या विषयाच्या तासाला घोटीव कागद आणि कातर घेऊन बसलेल्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. हा तास कधी कधी इतर विषयांचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी वापरला जातो, हे दुर्दैव आहे. कारण त्या तासात जे शिकता येते, ते फळ्यावरून शिकवता येत नाही.

अरविंद गुप्ता यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून जोडणीचा संच तयार केला. त्याचा अगदी पहिला धडा हा, की त्रिकोण टिकतो आणि चौकोन कलंडतो. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्यांनी मूल जे शिकते, तेच कंदिलाच्या कामट्यांनी शिकते. फरक इतकाच, की कंदील तयार झाल्यावर तो घराबाहेर लागतो आणि येणारा-जाणारा तो पाहतो. आपण केलेली वस्तू घराच्या उपयोगी पडली, याचा मुलाला होणारा आनंद कुठल्याही शेऱ्यापेक्षा मोठा असतो.

घरगुती गणपतीच्या मखराची गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. काही दशके मखर म्हणजे थर्माकोल असेच समीकरण होते. हलका, पांढराशुभ्र, गरम तारेने लोण्यासारखा कापता येणारा, म्हणून तो लोकांना आवडला. पण तो कुजत नाही. त्याचे बारीक मणी नाल्यात, नदीत आणि खाडीत वर्षानुवर्षे तरंगत राहतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणणारी अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात अनेक घरांना मखराचा नव्याने विचार करावा लागला. पुठ्ठ्याची घडीची मखरे करणारे नानासाहेब शेंडकर यांच्यासारखे कलावंत त्याआधीपासूनच वेगळी वाट दाखवत होते.

पुठ्ठ्याचे मखर घरी करणे अवघड नाही. खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घेतला तर त्याच्या आतल्या नळ्या कोणत्या दिशेने आहेत, ते पाहावे. खांबाच्या पुठ्ठ्यात नळ्या उभ्या हव्यात. आडव्या ठेवल्या तर खांब दोन दिवसांत पोटात वाकतो. मूर्तीचे वजन पुठ्ठ्यावर टाकू नये. मूर्ती लाकडी पाटावर ठेवावी आणि मखर पाटाभोवती उभे करावे. जोडांसाठी चिकटवण्यापेक्षा खाचा पाडाव्यात. एका पुठ्ठ्याची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसली की मखर उभे राहते, आणि विसर्जनानंतर खाचा सोडवून ते सपाट करून माळ्यावर ठेवता येते. पुढच्या वर्षी फक्त पताका नव्या. निरांजन, समई आणि उदबत्ती मखरापासून हातभर लांब ठेवण्याचा नियम मात्र कधीही मोडू नये.

दिव्याबद्दलही इतकेच स्पष्ट सांगायला हवे. कागदाच्या कंदिलात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. जुन्या तारेच्या ६० वॉटच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि जवळचा कागद आधी पिवळा, मग ठिसूळ होतो. तेवढाच उजेड साधारण ९ वॉटचा एलईडी दिवा देतो आणि कंदिलासाठी ५ वॉटचाही पुरतो. उष्ण पिवळसर प्रकाशाचा दिवा निवडला तर पतंगी कागदाचे लाल, केशरी आणि पिवळे रंग खुलतात. होल्डर कंदिलाच्या वरच्या चौकोनाला बांधू नये. वजन वायरवरही टाकू नये. कंदील स्वतंत्र दोरीने टांगावा आणि दिवा वेगळा सोडावा. उष्णतेवर चालणाऱ्या फिरत्या कंदिलाची मजा एलईडीने मिळत नाही, त्याचे कारणही यातच आहे. त्या कंदिलात गरम हवा वर चढताना कागदी पात्यांना ढकलते आणि आतले चित्रांचे नळकांडे फिरते. थंड दिव्याला एवढी हवा हलवता येत नाही. म्हणून पुस्तकात त्यासाठी छोट्या मोटरीची जोडणी दिली आहे.

घरी करण्याचा आग्रह म्हणजे बाजाराशी वैर नव्हे. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो कंदील लटकतात आणि त्यांतले कितीतरी तिथल्याच कुटुंबांनी, शेजाऱ्यांनी रात्री जागून केलेले असतात. घरी एक कंदील करून पाहिलेला माणूस त्या गल्लीत गेला की वेगळ्या नजरेने पाहतो. कंदिलावरच्या कागदी करंज्या किती सारख्या कातरल्या आहेत, कोपऱ्यांवर कागद किती नीट वळवला आहे, शेपटीची लांबी कंदिलाच्या उंचीला कशी शोभते, हे त्याला दिसू लागते. आणि विणकर, बुरूड किंवा कंदीलवाला यांनी सांगितलेल्या किमतीवर घासाघीस करायला त्याची जीभ सहसा रेटत नाही.

पुस्तकाची रचना सोप्यापासून अवघडाकडे जाते. पहिल्या भागात फक्त घड्या आणि कातरकाम आहे. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही करता येतील अशा साखळ्या, पताका आणि फुले आहेत. बोथट टोकांची कातर आणि खळ एवढेच त्यांच्या हाती द्यावे. दुसऱ्या भागात पुठ्ठा येतो आणि कटरचे काम मोठ्यांनीच करायचे आहे. तिसऱ्या भागात कामट्या बांधायच्या आहेत. ज्यांनी आजवर कधी कंदील केला नाही, त्यांनीही थेट तिसऱ्या भागापासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त त्याआधी कागदाची दिशा आणि खळ यांवरची छोटी प्रकरणे वाचून घ्यावीत.

दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण १७ दिवस मिळतात आणि एका कंदिलाला ते पुष्कळ झाले. पहिल्या आठवड्यात बुरुडाकडून कामट्या आणून त्या एका मापाच्या कापून, सुरीने किंवा पॉलिश कागदाने घासून फासा काढून ठेवाव्यात. दुसऱ्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सांगाडा बांधावा. या कामाला दोघे हवेत, एक जण कोपरा धरणारा आणि दुसरा गाठ मारणारा. त्यानंतरच्या संध्याकाळी खळ करून सहा चौकोन मढवावेत आणि रात्रभर वाळू द्यावेत. सकाळी सांगाडा ताठ झाला आहे याची खात्री करून मग त्रिकोण, करंज्या आणि सगळ्यात शेवटी शेपट्या लावाव्यात. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दिवा लावून तासभर पाहावा आणि कागद कुठेही गरम लागत नाही ना, हे हाताने तपासून घ्यावे. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर कंदील छपराखालीच टांगावा, म्हणजे पतंगी कागदाचा रंग सुटणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर तो उतरवावा. कागद काढून टाकावा, सांगाडा मात्र दोरीसकट जपून ठेवावा. पुढच्या आश्विनात त्यावर फक्त नवा कागद चढवायचा आहे, आणि त्या वेळी कोपरा धरायला घरातले आणखी एक लहान मूल तयार झालेले असेल.